जवारी कोण काढणार?

आमच्या घरात एक तंबोरा आहे. आईने तो १९६८ साली मिरजेहून आणला. जनानी, काळी चारच्या पट्टीचा, भोपळ्यावर फिकट पिवळसर पॉलिश. वडिलांच्या त्या वेळच्या पगाराशी त्याची किंमत ताडून पाहिली तर आजही छातीत धस्स होते, पण घरात त्यावरून भांडण झाल्याचे कुणी सांगत नाही. आई गेल्यावर तो गवसणीत घालून कपाटाशेजारी उभा केला, आणि पाच वर्षे तो तसाच उभा राहिला. गेल्या वर्षी लेकीने गाणे शिकायला सुरुवात केली तेव्हा मी तो बाहेर काढला. तारा गंजल्या होत्या, त्या बदलल्या. तरी तंबोरा बोलेना. सुरात लागला होता, खुंट्या घट्ट होत्या, भोपळ्याला कुठे चीर नव्हती, पण तार छेडली की आवाज तिथल्या तिथे बसायचा. आईच्या रियाजाच्या वेळी सकाळी सगळे घर भरून टाकणारा तो गुंजारव कुठे गेला, ते कळेना.

घोडीवरची जवारी गेली आहे, एवढे निदान कुणीतरी केले. मग शहरातल्या एका दुकानात नेऊन दिला. दोन दिवसांनी परत मिळाला तेव्हा घोडी आरशासारखी चकचकीत होती. दुकानदाराने मोठ्या कौतुकाने सांगितले की आता आम्ही हे मशीनवरच घासून देतो, एकदम लेव्हल. घरी येऊन तार छेडली, तर लाकडावर टिचकी मारल्यासारखा आवाज! हाडाच्या त्या पट्टीवर जी जेमतेम जाणवणारी गोलाई असते, नेमकी तीच मशीनने सपाट करून टाकली होती. तंबोरा आधी आजारी होता, आता मुका झाला. शेवटी मी तो गवसणीत गुंडाळला, एस.टी.त खिडकीशेजारची जागा धरली, आणि त्याला घेऊन माहेरी, म्हणजे मिरजेला गेले.

या खासगी गोष्टीने रविवारची जागा अडवायचे कारण नव्हते. पण त्या प्रवासात जे पाहिले त्यामुळे, हातकाम की यंत्र, हा आपल्याकडे नेहमी फार सोपा करून टाकलेला प्रश्न मला वेगळाच दिसू लागला. त्यातून मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला मार्च २०२४ अखेर भौगोलिक मानांकन मिळाले. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, सत्कार झाले. कलाकुसरीचा विजय झाला, असा बहुतेक लिखाणाचा सूर होता. विजय कुणावर झाला, हे मात्र कुणी सांगितले नाही.

मिरजेत हा धंदा कसा आला, ती हकीगत गमतीची आहे. १९व्या शतकाच्या मध्यापर्यंत संस्थानांच्या फौजा आटल्या, तलवारी-भाल्यांची मागणी गेली, आणि हत्यारांना धार-चकाकी देणारी शिकलगार घराणी रिकामी झाली. त्यांतल्या फरीदसाहेबांनी वाद्यदुरुस्तीत हात घातला आणि पुढे स्वतःच वाद्ये घडवायला सुरुवात केली, असे मिरजेत सांगतात. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय होता, गावात गाणे होते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे शिकवीत, विष्णु दिगंबर पलुसकर इथेच त्यांच्याकडे शिकले. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले, हिराबाई बडोदेकरांचा जन्म १९०५ साली इथलाच. खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे, आणि तिथे दरवर्षी उरुसात गवई हजेरी लावतात. किराणा घराण्याला सुराचे वेड, आणि सुराचे वेड म्हटले की तंबोऱ्याचे वेड आलेच. खाँसाहेब स्वतः वाद्यांची दुरुस्ती उत्तम करीत. म्हणजे घडवणारा एका गल्लीत आणि सर्वांत कटकट करणारा गिऱ्हाईक पुढच्या गल्लीत, अशी ती सोय होती. कारागिरी नुसत्या हातात वाढत नाही, चांगले कान असलेले गिऱ्हाईक तिला रोज दारात लागते. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

आता मुख्य गोष्ट. मी ज्या कारखान्यात गेले तिथे (कारखाना म्हणजे आठ बाय पंधराची एक खोली, पुढे फळी आणि मागे भोपळ्यांचा ढीग) माझी पहिली अपेक्षा अशी होती की इथे सगळे हातानेच होत असणार. पाहते तो कोपऱ्यात विजेची छोटी करवत, ड्रिल, पॉलिशचा फिरता बफ! मी जरा हिरमुसले. ते तिथल्या चाचांच्या लक्षात आले असावे. सत्तरीचे गृहस्थ, पांढरी दाढी, डोळ्यांवर दोऱ्याने बांधलेला चष्मा. म्हणाले, "मशीन पाहिजेच की, ताई. चाळीस वर्षं रंधा मारून खांदे गेले माझे. पोराचे कशाला घालवू?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. हस्तकलेचे गोडवे गाणारे आपण बहुतेक लोक खुर्चीत बसणारे असतो. तुनाच्या लाकडाचा ओंडका वाकसाने पोखरून दांडी करणे, तिच्या वरच्या पट्टीला सरळपणा आणणे, खुंट्यांची भोके गिरमिटाने पाडणे, या कामांत घाम आहे, सराव आहे, पण त्यात हातानेच करावे असे काही विशेष नाही. विजेच्या करवतीने ते अर्ध्या वेळात होते, भोक सरळ पडते, खुंटी नीट बसते. तंबोरा त्यामुळे रतिभरही वाईट वाजत नाही.

मग हात नेमका लागतो कुठे? तर तो लागतो भोपळ्याशी.

मिरजेच्या वाद्यांचे भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठच्या शेतांतून. हा भोपळा खायच्या कामाचा नाही, तो वेलीवरच पूर्ण पिकू द्यावा लागतो, मग महिनोन् महिने वाळवावा लागतो. शेतकऱ्याचे रान तोवर अडकून पडते. वाळलेला भोपळा कारागीर हातात घेतो, उलटासुलटा करतो, बोटांनी वाजवून पाहतो. एकाची साल जाड, दुसऱ्याची पातळ. एक एका अंगाला फुगलेला, दुसरा पठारासारखा बसका. मर्दानी तंबोऱ्याला थोरला भोपळा लागतो, जनानीला धाकटा, सतारीला आणखी वेगळा. पाण्यात भिजवून, कापून, आतून साफ करून त्याचे तोंड मोकळे केले की मग त्या तोंडाच्या घेराप्रमाणे पुढची तबली बेतायची, त्याच्या मानेप्रमाणे गळ्याचा लाकडी जोड घडवायचा. सारा हिशेब भोपळ्यापासून सुरू होतो. यंत्राला एकसारखा माल लागतो, आणि इथे मालच शेतात पिकलेला. उसाचे कांडे मोजून मापून लावता येईल, पण भोपळ्याला अमुक एक घेर घेऊनच वाढ असे कोण सांगणार?

परदेशात काय झाले ते पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होईल. गिटारचे घ्या. गिटार म्हणजे मुख्यतः पातळ सपाट फळ्या आणि एक मान. अमेरिकेतल्या टेलर कंपनीने १९९०च्या सुमारास संगणकावर चालणारी कापणी-यंत्रे आणली, तेव्हा जुन्या कारागिरांनी नाके मुरडली. पण फळी सपाट आहे, माप ठरलेले आहे, तिथे यंत्राचे पाते माणसाच्या हातापेक्षा अचूक चालते यात नवल नाही. पुढे १९९९ साली त्याच कंपनीने मानेचा एक नवा जोड काढला. वर्षानुवर्षे तारांच्या ताणाने गिटारची मान पुढे झुकते. पूर्वी ती सोडवून पुन्हा बसवणे म्हणजे मोठी शस्त्रक्रिया असे. नव्या जोडात पातळ पाचरी बदलल्या की मान जागेवर. अशा पाचरी हाताने कापणे अशक्यच होते. म्हणजे इथे यंत्राने नुसती मजुरी वाचवली नाही, हाताला कधी जमले नसते असे एक काम करून दाखवले. हे मान्य करायला काही हरकत नसावी.

व्हायोलिनची गोष्ट निराळी. तिची पाठ आणि पोट लाकडाच्या जाड फळीतून कोरून काढलेले, कमानदार. फ्रान्समधल्या मिरकूर गावच्या कारखान्यांत १९व्या शतकाच्या उत्तरार्धातच यंत्रे घुसली आणि स्वस्त व्हायोलिनी हजारांनी बाहेर पडू लागल्या. आजही यंत्र कमान कोरून देते. पण चांगला व्हायोलिनकार यंत्राला शेवटपर्यंत जाऊ देत नाही, थोडी जाडी मुद्दाम राखून ठेवतो. कारण पुढची फळी बहुतेक ठिकाणी अडीच-तीन मिलिमीटरच उरायची असते, आणि स्प्रूसच्या दोन फळ्यांचे वजन, ताठरपणा कधीच सारखा नसतो. दोन्ही एकाच मापाला आणल्या तर दिसायला जुळ्या बहिणी आणि आवाजाला एकमेकींच्या सवती! म्हणून शेवटचा थर हाताने, लहान रंध्याने, मधूनमधून बोटाने वाजवून ऐकत काढायचा.

यंत्राच्या बाजूने नसले तरी भाबडेपणाच्या विरुद्ध एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. २०१० साली इंडियानापोलिस इथे एकवीस वादकांना काळे गॉगल लावून सहा व्हायोलिनी वाजवायला दिल्या. तीन नव्या, दोन स्ट्राडिव्हरियस, एक ग्वार्नेरी. २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बहुतेकांना जुनी कोणती आणि नवी कोणती हे ओळखता आले नाही. पसंती बहुतांशी नव्या व्हायोलिनींना मिळाली, आणि सर्वांत कमी पसंती मिळालेली एक स्ट्राडिव्हरियस होती. तो सामना हात आणि यंत्र यांचा नव्हता, जुने आणि नवे यांचा होता. पण 'पूर्वीच्यांच्या हाताला जे होते ते आता नाही' असे म्हणत सुस्कारे टाकणाऱ्यांनी तो ध्यानात ठेवावा. आपल्याकडेही जुना मिरजी तंबोरा म्हटला की डोळे मिटून मान डोलावणारे पुष्कळ आहेत. डोळे मिटायला हरकत नाही, पण मग खरोखर ऐकावे.

आणि हात म्हणजे कारागिरी, असेही नाही. चीनमध्ये हुआंगच्याओ नावाचे एक गाव व्हायोलिनींसाठी प्रसिद्ध आहे. तिथे पुष्कळसे काम हातानेच होते, पण कामाच्या इतक्या बारीक वाटण्या असतात की एका माणसाच्या वाट्याला दिवसभर एकच भाग येतो. उद्या त्याच्या जागी यंत्र बसले तर व्हायोलिनीला कळणारही नाही. हातालाच यंत्र करून टाकता येते, याचा हा नमुना. तेव्हा पाते कशाने फिरते, विजेने की मनगटाने, हा प्रश्न दुय्यम. कुठे थांबायचे हे कोण ठरवतो आणि कशावरून, हा खरा प्रश्न.

याच जागी आपली जवारी येते.

ज्यांनी तंबोरा जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. भोपळ्यावरच्या तबलीवर मधोमध एक छोट्या पाटासारखी घोडी असते. तारा तिच्यावरून जातात. व्हायोलिनच्या घोडीला धार असते, तार तिथे एका बिंदूवर टेकते. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा रुंद असतो आणि त्याला अगदी किंचित उतार-गोलाई असते. तार थरथरली की त्या गोलाईला चाटून जाते, क्षणात टेकते, क्षणात सुटते. त्या चाटण्यातून स्वरांच्या आतले स्वर उमलतात. शिवाय तारेखाली एक सुताचा धागा सरकवून नेमकी जागा शोधायची. धागा केसभर इकडे तिकडे झाला तरी आवाज मिटतो.

सी. व्ही. रामन यांना या गोष्टीचे कुतूहल होते. प्रकाशाच्या संशोधनाबद्दल नोबेल मिळाले १९३०मध्ये, त्याच्या बऱ्याच आधी ते कोलकात्यात वाद्यांच्या मागे लागले होते. व्हायोलिन यंत्राने वाजवून तिचे गुण मोजायचे, असे उपकरणच त्यांनी तयार केले होते. १९२१ साली त्यांनी तंबोरा आणि वीणा यांवर एक छोटा निबंध लिहिला. पाश्चात्त्य शास्त्राचा नियम असा की तार जिथे छेडाल तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो तो उपस्वर ऐकू येता कामा नये. तंबोऱ्यात तो ऐकू येतो, चांगला खणखणीत! त्याचे कारण घोडीच्या त्या गोलाईत आणि धाग्यात आहे, हे रामन यांनी दाखवून दिले. युरोपातल्या पुस्तकातला नियम आमच्या अनाम कारागिरांनी कानसेने घासून मोडीत काढला होता, आणि त्याची दखल घ्यायला एक भौतिकशास्त्रज्ञ यावा लागला.

चाचांनी माझ्या तंबोऱ्याची घोडी पाहिली, बोट फिरवले, आणि एवढेच म्हणाले, "कुणी केलं हे?" मी दुकानाचे नाव सांगितले नाही, त्यांनीही पुन्हा विचारले नाही. सपाट झालेले हाड खूप खाली गेले होते, त्याला आता गोलाई द्यायला माल उरला नव्हता. वरची पट्टी बदलावी लागणार होती. पूर्वी हस्तिदंत किंवा सांबराचे शिंग वापरत. वन्यजीव कायद्याने दोन्हींचा व्यापार बंद झाला, तो व्हायलाच हवा होता. आता उंटाचे हाड वापरतात, कुणी आबनूस, कुणी डेल्रिनसारखे टणक प्लॅस्टिक. मी जरा अवघडत प्लॅस्टिकबद्दल विचारले. "चांगलं असतं की. झिजत नाही लवकर," ते म्हणाले. "पण तुमच्या आईच्या तंबोऱ्याला हाड लावू." कारण त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही.

नव्या पट्टीला ढोबळ उतार त्यांच्या नातवाने विजेच्या घासणीवर पाच मिनिटांत आणला. त्यानंतरचे तीन तास मात्र चाचांचे. कानस दोन वेळा ओढायची, फुंकर मारायची, घोडी बसवायची, तारा चढवायच्या, सुरात लावायच्या, छेडायचे, ऐकायचे, पुन्हा तारा ढिल्या, पुन्हा कानस. पंचमाची तार लागली तर षड्जाची जोडी उघडेना. जोडी उघडली तर पितळेचा खर्ज फाटल्यासारखा. तारा चार, जाडी आणि ताण वेगवेगळे, आणि गोलाई सगळ्यांना मिळून एकच. शिवाय गिऱ्हाईकाची आवड वेगळी: कुणाला खुली जवारी हवी, कुणाला गोल. "गाणारं कोण आहे?" असे त्यांनी सुरुवातीलाच विचारले होते. मी सांगितले, मुलगी, बारा वर्षांची, आवाज अजून कोवळा. त्या हिशेबाने ते काम चालले होते.

हे यंत्राला कधीच जमणार नाही, असे मी म्हणणार नाही. घोडीची गोलाई मोजता येते. आवाज ऐकून, त्याप्रमाणे पाते चालवणारे यंत्र उद्या कुणी ठरवलेच तर बनवू शकेल. पण ते कुणी बनवणार नाही, आणि त्याचे कारण कलेत नाही, हिशेबात आहे. यंत्राला एकच वस्तू हजारांनी खपावी लागते, तेव्हा त्याचा खर्च वसूल होतो. तंबोरे किती खपणार? मानांकनाच्या वेळच्या बातम्यांत मिरजेतल्या कारागिरांची संख्या साडेचारशेच्या आसपास दिली होती. एका गावाच्या मानाने ती मोठी आहे, यंत्रे बनवणाऱ्या कारखान्याच्या दृष्टीने किरकोळ. बाजार लहान म्हणून मिरजेचा हात वाचला. पण बाजार लहान म्हणूनच त्या हाताला धड मजुरी मिळत नाही. एकाच गोष्टीने त्याला तारले आहे आणि तीच त्याला उपाशी ठेवते आहे, आणि सत्काराच्या भाषणांत यांतली पहिली बाजू तेवढी येते.

मग यंत्राने मिरजेवर घाला घातला तो कुठून? कारखान्याच्या दारातून तो आलाच नाही. तो आला आमच्या घरांतून. १९७०चे दशक संपता संपता बंगळूरमध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार झाला, आणि पुढच्या वीस वर्षांत डब्याएवढी ती पेटी गाण्याच्या प्रत्येक क्लासात पोचली. आता तर पेटीही नको, मोबाइल पुरतो. पट्टी हवी ती लावा, पावसाळ्यात उतरत नाही, खुंट्या पिळाव्या लागत नाहीत, लोकलमध्ये धक्के खात न्यावा लागत नाही. दोन खोल्यांच्या घरात चार फुटांचा तंबोरा ठेवायचा कुठे, हा प्रश्न कुणी हसण्यावारी नेऊ नये. माझी लेक मोबाइलवरच रियाज करते आणि मीच तिला तो लावून दिला आहे. यंत्राने कारागिराचा रंधा हिरावून घेतला नाही, गिऱ्हाईक उचलून नेले.

रंगमंचावर अजून गवयाच्या मागे दोन तंबोरे लागतात. सवाई गंधर्व महोत्सवात ते नसतील अशी कल्पना करवत नाही. पण रंगमंचावरचे तंबोरे मोजके, आणि पूर्वी मिरज जगत होती ती घराघरांतल्या शिकाऊ तंबोऱ्यांवर. त्याहून मोठे नुकसान मघाशी म्हटले ते आहे: कानांचे. जवारी बिघडली हे ज्याला ऐकू येते असा माणूस तंबोरा लावता लावता तयार होतो. चार तारा जुळवण्यात रोज दहा मिनिटे घालवणाऱ्या मुलीला षड्ज म्हणजे काय ते वेगळे शिकवावे लागत नाही. मोबाइलवर षड्ज आयता मिळतो. पाच वर्षे आमचा तंबोरा मुका उभा होता आणि मला पत्ता नव्हता, कारण मी छेडलाच नव्हता. असे कान कमी झाले की दुकानदार घोडी मशीनवर घासून देतो, आणि बहुतेक गिऱ्हाइके तक्रारही करत नाहीत.

सरकार काय करू शकते? मानांकनाने एक होईल: दुसरीकडे घडवलेला तंबोरा 'मिरजेचा' म्हणून विकता येणार नाही. १९९९चा कायदा, २००३ पासून अमलात, नोंदणी दहा वर्षांची, पुढे वाढवता येते. हे चांगलेच आहे. पण मानांकन नावाचे रक्षण करते, ते मजुरी ठरवत नाही आणि जवारी कुणी व कशी काढली हे तपासायला दाराशी येत नाही. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा हाताने बनवलेल्या देशी वाद्यांना करातून सूट दिली गेली. हेतू उत्तम. पण 'हाताने बनवलेले' म्हणजे काय? चाचांच्या कारखान्यातली दांडी विजेच्या करवतीवर कापलेली, मग तो तंबोरा हाताचा की यंत्राचा? कायद्याला असे शब्द वापरावे लागतात, पण आपण सगळ्यांनीच तो शब्द सैल करून ठेवला आहे. खांदे मोडणारे कामही हाताचे आणि तीन तास कान देऊन दोन तारांमधला फरक शोधणारे कामही हाताचे, दोघांना आपण एकच कौतुक वाटतो आणि मजुरी दोघांनाही सारखीच कमी देतो.

माझ्या मते अनुदान द्यायचे तर ते खुशाल करवतीला आणि धूळ ओढून घेणाऱ्या पंख्याला द्यावे. त्या खोलीत लाकडाचा भुसा आणि लाखेचा वास असा कोंदला होता की मला तासाभरात खोकला लागला, ते लोक जन्मभर तिथे बसतात. शिष्यवृत्ती द्यायची तर ती जवारी शिकणाऱ्या पोराला द्यावी, कारण हे शिक्षण वर्षांचे आहे आणि तेवढी वर्षे त्या पोराने खायचे काय, हा प्रश्न आहे. मोबाइलवर कुणी बंदी घालणार नाही, घालूही नये. पण महाराष्ट्रात गाण्याचे इतके वर्ग चालतात, परीक्षांना दरवर्षी इतकी मुले बसतात. प्रत्येक वर्गात एक खरा तंबोरा असावा आणि परीक्षेत मुलाला तो स्वतः लावून दाखवावा लागावा, एवढे झाले तरी मिरजेला ते सत्कारांपेक्षा अधिक उपयोगी पडेल. हे कुणी करील असा माझा फारसा भरवसा नाही. तंबोरा लावायला येणारे परीक्षकच किती उरले आहेत, ही शंका आहेच.

चाचांचा नातू विजेच्या घासणीवर तरबेज आहे. त्याला कानस येते का, असे मी विचारले. "येते थोडी," तो म्हणाला. "पण बसवत नाही, मॅडम. अर्ध्या तासात कान बधिर होतात. दादाजींचे होत नाहीत." तो सध्या गिटारीही दुरुस्त करतो, कारण त्यात पैसा बरा मिळतो. त्याला दोष द्यावा असे मला वाटले नाही.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला चाचांनी शेवटची कानस खाली ठेवली, धागा सरकवला आणि चारी तारा एकदा छेडल्या. खोलीत दोघे-तिघे बोलत होते ते थांबले. मी काही बोलले नाही, कारण बोलता आले नसते. जवारीचे त्यांनी जे पैसे मागितले ते माझ्या येण्याजाण्याच्या भाड्यापेक्षा फार जास्त नव्हते, तेही बायकांना एस.टी.चे अर्धेच तिकीट असताना. मी थोडे अधिक पुढे केले. त्यांनी मोजून जादाचे परत केले, आणि हाडाचे वेगळे लावले.

"पट्टी नवी आहे, तारा अजून तिच्यात बसतील," गवसणीची नाडी बांधता बांधता ते म्हणाले. "एक पावसाळा जाऊ दे, मग दिवाळीच्या आत घेऊन या. पुन्हा एक हात मारावा लागेल. मी नसलो तर," आणि त्यांनी नातवाकडे पाहिले. तो मोबाइलवर कुणाला तरी गिटारीचा दर सांगत होता. "याला सांगा, खर्जापासून सुरू कर म्हणून."

घरी आल्यावर मी ते कागदाच्या एका कपट्यावर लिहून गवसणीच्या आतल्या खिशात ठेवले आहे. दिवाळीच्या आत, खर्जापासून.